गुंफण आणि गुंता

दोन किंवा अधिक लांब, लवचिक वस्तू ठरावीक क्रमाने एकमेकींच्या वरून-खालून नेऊन त्यांची एक वस्तू करणे म्हणजे गुंफणे. फुले, केस, दोरे, बोटे यांना हा अर्थ शब्दशः लागू पडतो. शब्द, सूर, कथानके, विचार यांना लक्षणेने. या कामाच्या आसपास वावरणारी क्रियापदे मराठीत पुष्कळ आहेत: ओवणे, विणणे, वळणे, गाठवणे, गोवणे, गुंतणे. बोलताना ती सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि त्याने फारसे बिघडत नाही. पण ज्याचे पोट त्या कामावर आहे, तो अशी अदलाबदल करत नाही. बुरूड टोपली विणतो. दोर वळतात. पटवेकरी मण्यांचा सर किंवा मंगळसूत्र गाठवून देतो. गुंफणे या शब्दाची नेमकी हद्द कळायची, तर हे शेजारी आधी ओळखून घ्यावे लागतात.

फुलांच्या कामात हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. दसऱ्याचे झेंडूचे तोरण ओवलेले असते: सुई फुलाच्या पोटातून जाते, मागोमाग दोरा जातो आणि सगळी फुले त्या एका दोऱ्यावर लटकतात. दोरा तुटला की फुले घरंगळतात, कारण फुलाचा फुलाशी काही संबंध नसतो. मोगऱ्याचा किंवा जाईजुईचा गजरा अनेकदा सुईशिवाय करतात. कळ्या देठाशी देठ लावून धरतात, दोऱ्याचा वेढा देतात, गाठ आवळतात आणि पुढच्या कळ्या घेतात. अबोलीची वेणी याहून निराळी. अबोलीचे फूल पातळ आणि त्याची नळी बारीक. सुईने ते फाटते. म्हणून कोकणात आणि गोव्यात केळीच्या सोपापासून काढलेल्या ओलसर धाग्याने अबोलीच्या नळ्या दाटीवाटीने गुंफून घेतात. धागा फुलाला भोसकत नाही, त्याच्याभोवती फिरतो आणि आधीच्या वेढ्याखाली दडपला जातो. अबोलीला वास नाही, पण रंग आणि ताजेपणा बराच टिकतो. त्यामुळे एवढी मेहनत परवडते.

ओवणे आणि गुंफणे यांतला भेद असा: ओवताना एक वस्तू दुसरीच्या आतून जाते, गुंफताना भोवतीने जाते. पुस्तकी भाषेत हारही गुंफलाच जातो, मग तो सुईने केलेला का असेना. ‘गुंफणे’ या शब्दाला जे भारदस्तपण आहे, ते ‘ओवणे’ला नाही, एवढेच त्यामागचे कारण असावे.

केसांच्या बाबतीत उलटा प्रकार आहे. तिथे गुंफण्याची क्रिया अगदी शुद्ध रूपात घडते, पण घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. आई मुलीची वेणी ‘घालते’. केसांचे तीन भाग करतात, त्या प्रत्येकाला पेड म्हणतात आणि त्यांची तीनपेडी वेणी होते. चार किंवा पाच पेडांच्या, डोक्याच्या वरपासून केस घेत आणलेल्या सागरवेण्याही असतात. तीनपेडी वेणीचा नियम दोन वाक्यांत संपतो: डावीकडचा पेड मधल्यावरून आणून मध्ये ठेवायचा, मग उजवीकडचा पेड मधल्यावरून आणून मध्ये ठेवायचा, आणि हेच करत राहायचे. सहा वेळा असे केले की तिन्ही पेड आपापल्या मूळ जागी परत येतात आणि नक्षीचा एक फेर पुरा होतो.

या साध्या क्रमात एक गंमत दडलेली आहे. तीनपेडी वेणीचा कोणताही एक पेड अलगद काढून टाकला आहे अशी कल्पना करावी. उरलेले दोन पेड पाहिले, तर ते एकमेकांत अडकलेलेच नसतात. ओढले की सरळ बाजूला होतात. कोणत्याही दोघांची आपसांत मिठी नाही, तरी तिघे मिळून घट्ट. डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने येणारे वेढे दोघा-दोघांपुरते एकमेकांना रद्द करतात, म्हणून हे घडते. तिघे एकत्र असताना मात्र ते रद्द होऊ शकत नाहीत, कारण तिसरा वाटेत असतो. वेण्यांचे असे गुणधर्म हा गणिताचा रीतसर विषय आहे. एमिल आर्टिन या गणितज्ञाने 1925 मध्ये वेण्यांचा सिद्धांत मांडला. त्यात एका वेणीच्या खाली दुसरी जोडणे हा जणू गुणाकार ठरतो आणि प्रत्येक वेणीला तिची उलटी वेणी असते: जी जोडली की सगळे पेड पुन्हा सरळ होतात.

दोराचे तसे नाही. दोर वळलेला असतो आणि त्याची ताकद वेढ्यांच्या आळीपाळीत नसून पिळात असते. तागाचे, अंबाडीचे, काथ्याचे किंवा घायपाताचे तंतू आधी एका दिशेने पिळून पेड करतात. मग दोन किंवा तीन पेड शेजारी धरून उलट्या दिशेने एकत्र वळतात. प्रत्येक पेड आपला पीळ सोडवू पाहतो; पण तो सुटण्याची दिशा आणि दोर आवळण्याची दिशा एकच असल्याने दोर उलट घट्ट होतो. तीनपेडी दोरातला एक पेड काढला तरी उरलेले दोन एकमेकांभोवती गुंडाळलेलेच राहतात. वेणी आणि दोर दुरून सारखे दिसतात, पण त्यांच्या रचनेत इतके अंतर आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत दोर वळण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाकडे होता. घायपाताची पाने सडवून, ठेचून, वाख काढून त्यातून दावी, कासरे, चऱ्हाटे आणि मोटेचे जाडजूड नाडे तयार होत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण त्याच कामातून आलेली. जळलेल्या सुंभाची राख हलवली नाही, तर तिच्यातही पिळाची नक्षी तशीच उमटलेली दिसते. हेकट माणसासाठी याहून नेमकी म्हण सापडणे कठीण.

विणण्यात ताणा आणि बाणा असतात, म्हणजे उभे आणि आडवे धागे. उभे धागे आधी ताणून बसवायचे आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून न्यायचा. गुंफणीत असे दोन वर्ग नसतात. तिथे प्रत्येक पेड पाळीपाळीने वर येतो आणि पाळीपाळीने खाली जातो. मराठीने मात्र विणणे हा शब्द सढळ हाताने वापरला आहे. मागावरची साडी विणतात, सुयांवरचा स्वेटर विणतात, बाजही विणतात आणि कोळी जाळेही विणतो, जरी या चारही कामांची रीत निरनिराळी असली. पैठणीत विणणे आणि गुंफणे एकाच वस्त्रात भेटतात. काठ आणि अंग यांचे रंग वेगळे असतात, म्हणून त्यांचे आडवे धागेही वेगळे. हे दोन धागे जिथे भेटतात तिथे विणकर त्यांना एकमेकांत अडकवून मागे फिरवतो. याला कडियाल म्हणतात. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा काठ उलट्या बाजूनेही तितकाच स्वच्छ दिसतो तो अशा कामामुळे.

गुंफण डोळ्यांदेखत घडताना आणि मोडताना पाहायची असेल, तर गोफ हा नाच पाहावा. गोव्यात शिगम्याच्या दिवसांत तो मांडावर रंगतो. महाराष्ट्रात टिपऱ्यांच्या जोडीने गोफ खेळण्याची परंपरा आहे. मांडवाच्या मध्यावर वरून रंगीत दोऱ्यांचा किंवा कापडी पट्ट्यांचा झुबका सोडलेला असतो. प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक दोरी. निम्मे एका दिशेने फिरतात, निम्मे उलट दिशेने, आणि समोरून येणाऱ्याला एकदा आतून तर एकदा बाहेरून ओलांडतात. गाणे पुढे सरकते तसा डोक्यावर एक रंगीबेरंगी गोफ खाली खाली उतरत येतो. खरी कसोटी त्यानंतरची. तेच नाचणारे तीच पावले उलट्या क्रमाने टाकतात आणि गोफ वरपर्यंत उकलून प्रत्येकाची दोरी मोकळी होते. आर्टिनची उलटी वेणी ती हीच. एकाची जरी चाल चुकली, एकजण जरी आतल्या जागी बाहेरून गेला, तरी उकलताना त्या ठिकाणी अडते. चूक बांधताना दिसतही नाही. ती सुटताना दिसते.

गळ्यात घालायच्या सोन्याच्या पीळदार साखळीलाही गोफ म्हणतात, कारण तिच्या तारा अशाच एकमेकींत फिरवलेल्या असतात. गौरी देशपांडे यांच्या एका कादंबरीचे नावही ‘गोफ’ आहे. उभ्या ज्वारीवरची पाखरे उडवायला वापरतात ती गोफण नावाने जवळची वाटते. दोन दोर आणि मध्ये दगड ठेवायला विणलेली पट्टी असा तिचा घाट. हा शब्द फार जुना आहे: सुश्रुतसंहितेत जखमा बांधण्याचे जे चौदा प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘गोफणा’ नावाचा एक बंध आहे. हनुवटीसारख्या बाहेर आलेल्या भागाला मधोमध आधार देऊन दोन्ही टोके वर न्यायची, अशी त्याची रीत. डोंगरातली गुंफा मात्र केवळ उच्चाराने जवळ आहे. तिच्यात काही गुंफलेले नसते. त्या शब्दाचे नाते गुहेशी आहे.

गुंफणीचे दुसरे टोक म्हणजे गुंता. दोऱ्याचे रीळ खिशात ठेवले, पतंगाचा मांजा घाईने गोळा केला, केस दोन दिवस विंचरले नाहीत, की गुंता होतो. त्यातही धागे एकमेकांच्या वरून-खालूनच गेलेले असतात. नुसते पाहून गुंफण आणि गुंता यांतला फरक सांगता येईलच असे नाही. फरक क्रमाचा आहे. गुंफणीत कोणता धागा कोणानंतर गेला हे ठाऊक असते, म्हणून ती उलट्या क्रमाने सोडवता येते. गुंत्यात तो क्रम हरवलेला असतो, म्हणून एक टोक ओढले की दुसरीकडे आवळते. व्याकरणानेही हा भेद पाळला आहे. गुंफणे सकर्मक आहे: कोणीतरी काहीतरी गुंफते. गुंतणे अकर्मक आहे: दोरा गुंततो, पाय गुंततो, जीव गुंततो, आणि कर्ता कोण ते विचारायचे कारण पडत नाही. प्रेमात पडलेल्या माणसाचे मन गुंतते. ते त्याने स्वतः गुंफले असे कोणी म्हणत नाही. दोघे चालताना बोटांत बोटे मात्र गुंफतात, कारण ती क्रिया जाणूनबुजून केलेली असते.

या दोघांमध्ये तिसरे एक क्रियापद उभे आहे: गोवणे. त्यात कर्ता आहे, हेतूही आहे, पण तो हेतू वाईट. एखाद्याला खोट्या प्रकरणात गोवतात, कटात गोवतात. वर्तमानपत्रांत अलीकडे ‘आरोपांत गुंफले’ अशी वाक्ये अधूनमधून आढळतात, ती चुकीची आहेत. गुंफण्याच्या कामात गुंफल्या जाणाऱ्या वस्तूचे वाईट चिंतलेले नसते. तिला शोभेच्या किंवा उपयोगाच्या जागी बसवायचे असते. जुन्या मराठीत गोवणे इतके बदनाम नव्हते, मणीही गोवले जात. आज तो शब्द पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या बातम्यांपुरता उरला आहे.

गुंतणे या शब्दाचा संसार बराच मोठा आहे. गुंतागुंत ही व्यवहारात, कायद्यात, आजारात, कुठेही होते. पैशाच्या व्यवहारासाठी मराठीने ‘गुंतवणूक’ हा शब्द निवडला, तो विचार करण्याजोगा आहे. पैसा एखाद्या धंद्यात घातला की तो अडकतो, हवा तेव्हा हाती येत नाही. त्याच्या मोबदल्यातच व्याज किंवा नफा मिळतो. ठेव आणि गुंतवणूक यांतला फरक त्यामुळे शब्दांतूनच कळतो. ठेवलेले उचलता येते. गुंतवलेले आधी सोडवावे लागते. कुलपात असलेल्या रकमेबद्दल ‘पैसे गुंतून पडलेत’ असे कुणी म्हणत नाही, पण अर्धवट बांधलेल्या इमारतीतल्या सदनिकेबद्दल जरूर म्हणतात.

केस विंचरल्यावर फणीत अडकून येतो तो पुंजका म्हणजे गुंतवळ. या एका वस्तूसाठी स्वतंत्र शब्द असणे ही मराठीची श्रीमंती म्हणायची. जुन्या घरांत बायका गुंतवळ फेकत नसत. भिंतीच्या कोनाड्यात किंवा पिशवीत साठवून ठेवत. ‘केसांवर फुगे’, ‘केसांवर भांडी’ अशी आरोळी देत फेरीवाले येत आणि ही गुंतवळ तोलून घेऊन बदल्यात फुगे, सुया किंवा भांडी देत. पुढे हे केस सोडवून, धुऊन, सारख्या लांबीचे वेगळे करून त्यांचे टोप आणि गंगावने होत. गंगावन म्हणजे आखूड वेणीला जोडायचे उसने केस. अनेकींच्या डोक्यांवरचा गुंता अशा रीतीने दुसऱ्याच कुणाच्या वेणीत रीतसर गुंफला जातो. केसांचा हा व्यापार आजही बंद पडलेला नाही.

वेणी हा शब्द केसांपाशी थांबत नाही. गंगा आणि यमुना जिथे मिळतात आणि तिसरी सरस्वती गुप्त रूपाने मिळते असे मानतात, तो प्रयागचा संगम म्हणजे त्रिवेणी. तिथे महाराष्ट्रातून जाणारी जोडपी वेणीदान करतात: पत्नीच्या वेणीचे टोक कापून संगमात अर्पण करायचे. केसांची वेणी पाण्याच्या वेणीत सोडण्याचा हा विधी नावासकट जुळवून आणलेला आहे. कृष्णा नदीला स्तोत्रांत कृष्णावेणी म्हटले आहे. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते. आसामातली ब्रह्मपुत्रा तर एकटीच वेणी होऊन वाहते. गाळाची बेटे वाटेत येतात, तिचे प्रवाह फुटतात, पुन्हा मिळतात, पुन्हा फुटतात. आणि दर पुरानंतर बेटांच्या जागा बदलतात.

वेणीवरून एक गैरसमज होतो, तो इथेच सांगून टाकावा. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकात वेणीचा नाश होत नाही. संहार म्हणजे इथे एकत्र आणणे, बांधणे. भर सभेत ओढले गेलेले केस द्रौपदीने मोकळेच ठेवले होते. दुर्योधनाला मारल्यावर भीम त्या केसांची वेणी बांधतो आणि नाटक संपते. परशुरामपंत गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात या नाटकाचे मराठी भाषांतर केले, तेव्हापासून हे नाव मराठी वाचकांच्या कानांवर आहे, आणि बहुधा गैरसमजही तेव्हापासूनचाच.

आता शब्दांच्या गुंफणीकडे वळायला हरकत नाही. गुंफणे हे संस्कृत ‘गुम्फ्’ धातूपासून आले. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात त्याचा अर्थ ‘ग्रन्थ’ असा दिलेला आहे. ‘दृभ्’ या दुसऱ्या धातूचा अर्थही ‘ग्रन्थ’ असाच. मग ‘ग्रन्थ्’ धातूचा अर्थ काय, ते पाहायला गेले तर तिथे लिहिलेले असते ‘सन्दर्भ’. आणि संदर्भ हा शब्द दृभ् धातूपासून झालेला. अर्थ शोधणारा फिरून निघाला तिथेच येतो. कोशकाराची ही चूक नाही. बांधणे, ओवणे, गुंफणे हे अनुभव इतके मूळचे आहेत की ते समजावून सांगायला त्यांच्याहून सोपा शब्द उरत नाही.

लेखनाला जी नावे भारतीय भाषांत मिळाली, त्यांतली बरीच धाग्याच्या कामातून आली. ग्रंथ म्हणजे बांधलेले, ग्रंथी म्हणजे गाठ. निबंध आणि प्रबंध या दोन्हींत बंध आहे. सूत्र म्हणजे धागा, तंत्र म्हणजे मुळात मागावरचा ताणा. ताडपत्रांच्या पोथ्यांना भोक पाडून दोरी ओवत आणि दोन फळ्यांत बांधून ठेवत, म्हणून पुस्तकाला ग्रंथ म्हणू लागले, असे नेहमी सांगितले जाते. ते पटण्यासारखे आहे, पण पुरते नाही. बत्तीस अक्षरांच्या मापालाही ग्रंथ म्हणत आणि पोथी किती मोठी हे त्या मापाने मोजत. तिथे दोरीचा संबंध नाही. बांधली गेली आहेत ती अक्षरे.

मराठीत ओवी हा शब्द ओवणे या क्रियापदाशी जोडला जातो. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली 1290 मध्ये. त्याआधी ओवी मुसळाच्या तालावर चांगली रुळलेली होती. चार चरणांतले पहिले तीन यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा, ही ग्रांथिक ओवीची ओळख. चरणांची लांबी सैल असते, म्हणून ओवीत बोलण्याचा ओघ टिकतो. तिला ओवलेली म्हणणेच ठीक, गुंफलेली नव्हे.

गुंफण्याचा हव्यास पंडित कवींनी केला. मोरोपंत (1729–1794) यांच्या हाती तो कळसाला पोचला. दामयमक हा त्यांचा एक आवडता प्रकार. दाम म्हणजे दावे किंवा माळ. एका चरणाच्या शेवटी आलेली अक्षरे पुढच्याच्या आरंभी निराळ्या अर्थाने यायची, अशी साखळी कवितेच्या अंतापर्यंत ओढत न्यायची. रामकथा त्यांनी शंभराहून अधिक वेळा, दर वेळी नवे बंधन घालून सांगितली. एका रामायणात ओठांना ओठ लागतील अशी अक्षरेच येऊ द्यायची नाहीत, दुसऱ्यात रामनामाच्या मंत्राची अक्षरे ठरलेल्या जागांवर पेरायची, असे ते नियम. या कसरतीला टीकाकारांनी पुष्कळ नावे ठेवली आहेत आणि काही ठिकाणी ती योग्यही आहेत. पण यमके एका बाजूला ठेवून नुसती कथा वाचली तर ती सरळ चालत असते, हेही मानले पाहिजे. नियम कितीही कडक असला तरी पंतांचा धागा सहसा अडकत नाही.

गद्यात गुंफण कथानकाची असते. महाभारतात किंवा पंचतंत्रात एका कथेच्या पोटात दुसरी कथा आणि तिच्या पोटात तिसरी निघते. ती रचना गुंफणीपेक्षा पेटीत पेटी ठेवण्याच्या जवळची आहे. खरी गुंफण होते ती तीन-चार कथानके बरोबरीने चालतात आणि आळीपाळीने वर येतात तेव्हा. मराठी समीक्षेने या चर्चेची सारी परिभाषा हातमागावरून उचलली: धागे, पदर, पोत, वीण. नाटकाच्या बाबतीत निरगाठ आणि उकल हे शब्दही येतात. निरगाठ म्हणजे ओढून सुटणार नाही अशी पक्की गाठ. एक टोक ओढले की सुटते ती सुरगाठ. चांगल्या रहस्यकथेची गाठ वाचकाला निरगाठ वाटावी आणि लेखकाला ती सुरगाठ असावी, इतका या दोन शब्दांचा उपयोग नेमका आहे.

व्याख्यानांच्या बाबतीत गुंफणे हा शब्द आज सर्वांत जास्त ऐकू येतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे गावोगावी अशा माला निघाल्या. माला म्हटल्यावर प्रत्येक व्याख्यान हे फूल झाले, आणि वक्ता ‘तिसरे पुष्प गुंफताना’ बोलू लागला. रूपक म्हणून हे चांगले जुळते. पण प्रत्येक निमंत्रणपत्रिकेत आणि प्रत्येक बातमीत ते इतके आले आहे, की वाचणाऱ्याला आता त्यात ना फूल दिसते ना माळ. शिवाय व्याख्याने सुटी असतात, एकाचा दुसऱ्याशी बहुधा संबंध नसतो; काटेकोरपणे बोलायचे तर ती ओवलेली असतात.

माणसाशिवाय गुंफण करणारे प्राणी थोडे. त्यांत सुगरणीचे नाव पहिले. नावाने ती बाई वाटते, पण घरटे विणतो तो नर. पावसाळ्याच्या सुमारास गवताच्या किंवा ताडामाडाच्या पात्याला चोचीने खाच पाडून तो लांब पट्टी फाडतो. वीस ते साठ सेंटिमीटरच्या अशा शेकडो पट्ट्या लागतात. बाभळीच्या, शिंदीच्या किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीच्या टोकाला पहिली पट्टी गाठ मारून बांधायची, तिचा झोका करायचा आणि मग एका पट्टीचे टोक दुसरीच्या खालून काढून ओढत राहायचे. अर्धे घरटे झाले की नर काम थांबवतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादीने ते पसंत केले तरच खालची लांब नळी पुरी होते. नाही तर अर्धा खोपा तसाच लोंबत राहतो. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे हा खोपा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. पण झाडाखाली पडलेले घरटे हातात घेऊन एक पट्टी ओढून पाहिली, की पक्ष्याच्या कामातले कसब अधिक कळते: पट्टी तुटते, पण सरकत नाही.

सर्वांत लांब आणि सर्वांत बारीक गुंफण शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात, हे जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी 1953 मध्ये मांडले. वरच्या भाषेत ही वेणी नव्हे, दुपेडी दोर आहे, आणि तिथेच अडचण सुरू होते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने मोजाव्या लागणाऱ्या केंद्रकात बसलेला असतो. पेशी दुभंगण्याआधी त्याची प्रत काढायची तर दोन्ही पेड पूर्ण विलग करावे लागतात. पेड उलगडत नेले की पुढचा भाग अधिकाधिक पिळला जातो. सुंभाचे दोन पेड मधूनच फाकवू पाहणाऱ्याला हा अनुभव येतोच. तो पीळ काढला नाही तर काम जागीच थांबेल. त्यासाठी पेशीत टोपोआयसोमरेज नावाची विकरे असतात. ती डीएनएचा एक किंवा दोन्ही पेड क्षणभर कापतात, साठलेला पीळ सुटू देतात किंवा दुसरा भाग त्या फटीतून पार करतात, आणि काप पुन्हा सांधतात. जिवाणूंमध्ये हेच काम गायरेज नावाचे विकर करते. जुलाब, मूत्रमार्गाचा संसर्ग अशा आजारांवर दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक नेमके या विकराला कापलेल्या अवस्थेत धरून ठेवते. सांधणे राहून जाते, डीएनएचे तुकडे पडतात आणि जिवाणू मरतो.